बिंदू चौकातल्या सभेत ऐकलं की सीरियातला उठाव शाळकरी पोरांनी भिंतीवर लिहिलेल्या एका ओळीतून पेटला. खरं आहे का?

हो, ठिणगी तिथलीच. पण भडका उडाला तो पोरांना पकडून छळल्यामुळे. मी इथे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, हा विषय दरवर्षी वर्गात येतो. फेब्रुवारी २०११ मध्ये दक्षिण सीरियातल्या दरा शहरात शाळेच्या भिंतीवर ओळ उमटली : ‘आता तुझी पाळी, डॉक्टर!’ सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद मूळचे डोळ्यांचे डॉक्टर, आणि ट्युनिशियाचा सत्ताधीश लोकांच्या उठावामुळे महिन्याभरापूर्वीच पळाला होता. रोख कुणाकडे आहे हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे निवडणूक लागली की कार्यकर्ते भिंतीला चुना मारून ती ‘राखीव’ करतात, खाली बिनधास्त नाव टाकतात. तिथे १९६३ पासून आणीबाणी होती आणि एक सोडून चार गुप्तहेर खाती : लष्करी, हवाई दलाची, राजकीय आणि सर्वसाधारण. दरातल्या राजकीय खात्याचा प्रमुख आतिफ नजीब, असद यांचा मावसभाऊ. त्याच्या लोकांनी पोरं उचलली, कोठडीत मारलं. घरचे विनवण्या करून थकले, मग १८ मार्चला लोक रस्त्यावर आले आणि सुरक्षा दलांनी गोळ्या घातल्या. माझ्या मते खरा उठाव त्या दिवसाचा.

एक मात्र लक्षात घ्या, सगळं त्या ओळीवर ढकलू नका. २००६ नंतरच्या दुष्काळाने सीरियातली, विशेषतः ईशान्येकडची, शेती आधीच मोडली होती, कमालीची बेकारी होती, आणि पकडलेल्यांपैकी काही पोरांनी तर भिंतीला हातही लावला नव्हता.