बांधावरची घाणेरी : ठेवावी की काढावी?

प्रश्न : डोंगराकडच्या बांधावर घाणेरी माजली आहे. आयतं कुंपण म्हणून ठेवू का? बाजारातून आणलेल्या गाईने परवा तिचा पाला खाल्ला, तेव्हापासून चाऱ्याला तोंड लावत नाही. हा पाला दशपर्णीत, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या कीडनाशक अर्कात, चालतो ना?

उत्तर : आधी गाईचं बघा, बांध कुठे पळून जात नाही. तिला सावलीत बांधा आणि आजच पशुवैद्यकांना बोलवा. घाणेरीतल्या लँटाडीन या विषाने यकृत बिघडतं आणि कातडीला ऊन सोसत नाही. डोळे पिवळे दिसतात, शेण घट्ट होतं. नाकपुडी, कान, सड आणि अंगावरचे पांढरे पट्टे लाल होऊन सोलतात. पोटाची हालचाल मंदावल्याने खाल्लेला पाला आतच राहतो, म्हणून घरगुती काढ्यात दिवस घालवू नका. गावातली जनावरं सहसा या पाल्याला तोंड लावत नाहीत. बाहेरून आणलेली किंवा उन्हाळ्यात उपाशी असलेली फसतात. पोरांनाही घाणेरीची फळं खाऊ देऊ नका, हिरवी तर मुळीच नाही.

ही घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. 1809 मध्ये शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या बागेत आणली, आणि आता आपल्या डोंगरांवर गवताला जागा उरली नाही. एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी फुलं, फुलपाखरांची गर्दी. दिसायला देखणी, हे मान्य. पण काळी फळं खाऊन बुलबुल तिचं बी तुमच्या शेतात टाकतात. कुंपण म्हणून ती महागच पडते.

नुसती कोयत्याने छाटली किंवा पेटवली, तर बुडातून पुन्हा फुटते. फळं धरण्याआधी, जमीन ओली असताना बुडाची माती उकरा, जमिनीखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडा आणि झुडूप मुळं वर करून उलटं टाका. पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपं येतील, ती हातानेच उपटा. मोकळ्या बांधावर पावसाच्या तोंडाला निर्गुडीच्या काड्या लावा. तिला गुरं सहसा खात नाहीत.

दशपर्णीत पाला चालतो, 200 लिटर पाण्याला दोन किलो. पिंप झाकून ठेवा, काठीनेच ढवळा. गाळून उरलेला चोथा खड्ड्यात पुरा. तोडलेल्या फांद्यांचा ढीगही गोठ्याच्या वाटेवर नको, कारण पाला वाळला तरी विष जात नाही.