गोव्यातल्या साखळीत नदीकाठी भाड्याने घर घेतलंय, पुराची तयारी काय करावी?

सगळ्यात आधी कागदपत्रं, औषधं, टॉर्च नि पॉवर बँक एका प्लास्टिक पिशवीत भरून माळ्यावर ठेवा, आणि पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच मेन स्विच बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. इथे नुसता गावातला पाऊस बघून चालत नाही, वर अंजुणे धरणातून पाणी सोडलं की वाळवंटी नदी चढते, त्यामुळे धरणाच्या बातमीवर लक्ष ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार तेही आजच ठरवा (हे सगळे विसरतात). अडकलात तर 112 लावा. फक्त पाणी आत शिरलेलं असेल तर मग मेन स्विचला हात लावायचा नाही, सरळ बाहेर पडा.