एक निरोगी, एक आजारी; मग तिसरं?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक. मोठा मुलगा ठणठणीत आहे, धाकट्या मुलीला आजार आहे. चारांत एकाला होतो असं सांगितलं होतं. मग तिसरं मूल निरोगीच होणार ना?
(एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : तसं धरून चालू नका. तिसऱ्या मुलालाही आजाराची शक्यता पुन्हा २५ टक्केच आहे.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. वाहकाच्या जोडीतल्या एका गुणसूत्रावर नेहमीची ‘ए’ प्रत, दुसऱ्यावर सिकलची ‘एस’. शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात या दोन प्रती वेगळ्या होतात. त्यामुळे प्रत्येक पेशीत एकच प्रत जाते, ए किंवा एस, निम्मी-निम्मी शक्यता. आई-वडील दोघांकडूनही एस आली (एसएस) की आजार होतो. तशी शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव. हा हिशेब प्रत्येक गर्भधारणेला नव्यानं होतो. आधी छापा पडला म्हणून नाणं पुढच्या वेळी काटा द्यायला बांधलेलं नसतं.

चारांत एक, म्हणजे तीन निरोगींमागे एक आजारी, हे तीनास एक प्रमाण मोठ्या संख्येतच दिसतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाण्याचे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे २.९६ : १. पण त्यातल्याच एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले होते, तर दुसऱ्यावर १४ आणि १५. दोन-तीन मुलांच्या घरात हे प्रमाण शोधण्यात अर्थच नाही.

मोठ्या मुलाची तपासणी जरूर करा. त्याला आजार नाही, म्हणजे एसएस बाद. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहकाच्या, म्हणून तो वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश. सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस हिमोग्लोबिन आहे का ते सांगते. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांनी ठरतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर निकाल फसवा येतो. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणीही भरवशाची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच असतं. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच समुपदेशकाला भेटा. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन करता येते. उशीर झाला की निर्णयाला वेळ उरत नाही.

प्रश्न : कांद्याच्या मुळाची स्लाइड केली, पण सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. विभाजनाच्या अवस्था का दिसत नाहीत?
(अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : बहुधा मुळाचा चुकीचा भाग घेतला गेला. विभाजी ऊती टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच असते. त्याच्या वरच्या पेशी फक्त लांब होतात, विभागत नाहीत.

कांद्याची वाळकी मुळं खरवडून काढा आणि तळ पाण्याला टेकेल असा तो बरणीवर ठेवा. तीन ते सहा दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळं येतात. ती सकाळी ८ ते १०च्या दरम्यान कापून लगेच ताज्या मिश्रणात टाका : ३ भाग इथेनॉल, १ भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढा. मग काचपट्टीवर मूळ ठेवून ॲसिटोकार्मिन या रंगाचे दोन-तीन थेंब आणि १ एन हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब घाला आणि स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करा, उकळू देऊ नका. ॲसिडमुळे पेशींमधला चिकटा सुटतो. ही पायरी टाळली की पेशींचे ढीग दिसतात. पाच-दहा मिनिटांनी गडद रंगलेलं टोक तेवढं ठेवा, बाकीचं मूळ फेकून द्या.

एवढं करूनही बहुतेक पेशी अंतरावस्थेतच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, दिसतील. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पेशीचा बराचसा वेळ त्याच अवस्थेत जातो. कमी भिंगाखाली गर्द ठिपके असलेली जागा आधी शोधा, मग भिंग वाढवा. आच्छादन काच दाबताना अंगठा सरळ खाली दाबा. काच बाजूला सरकली की पेशी गुंडाळतात आणि ती स्लाइड वाया जाते.