खलनायक सुटतो असे चित्रपट, आणि तुमच्या दलालाचा शेवट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कुडाळजवळच्या तुमच्या गावातलं मंडळ बावीस मिनिटांची शॉर्टफिल्म करतंय. मुंबईत थोरल्या मुलाकडे राहणारी आई वारते, आणि त्यानंतर तिच्या जुन्या मुखत्यारपत्रावर गावचाच दलाल कलमांची बाग विकून टाकतो. गावी राहणाऱ्या धाकट्या भावाला हे कळतं, तो धावपळ करतो, पण दलालाला काहीच होत नाही. शेवटी दलाल गाडीत बसतो, लाल धुरळा उडतो आणि चित्रपट संपतो. कच्ची प्रत पाहिलेल्यांनी एकच विचारलं, "पार्ट टू कधी?" तर असा शेवट कुणी नीट जमवलाय, काय काय पाहावं आणि नेमकं काय बदलावं?

आधी दोष सांगतो. तुमचा दलाल गाडीत बसून जातो, तिथेच सगळं बिनसलंय. पडद्यावर माणूस निघून गेला की प्रेक्षक गृहीत धरतो की कुणीतरी त्याच्या मागे जाणार. शिवाय आपल्या गावात सुटलेला माणूस कुठे जातच नाही. तो पाणंदीत समोर येतो, पालखीला खांदा देतो, गणपतीत तुमच्याच घरी आरतीला उभा राहतो. गावात सुटणं म्हणजे राहणं. हे पकडलंत तर अर्धं काम झालं.

दुसरं कारण प्रेक्षकांच्या सवयीचं आहे. तुमच्या पंचक्रोशीने जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलाय. आड-दशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर हा राक्षस मालवणीत धमाल उडवतो, लोकांना तो आवडतोही, पण वेद चोरलेत म्हटल्यावर विष्णूच्या हातून त्याला मरावंच लागतं. पुढच्या आख्यानातल्या राक्षसाचंही तेच. वध झाला की खेळ संपला, हे लोकांच्या अंगात मुरलंय. वध काढून घेणार असाल तर खेळ संपल्याची दुसरी खूण द्यावी लागेल. तुम्ही ती दिली नाहीत, म्हणून पार्ट टू.

आता चित्रपट. सगळ्यांत आधी 'चायनाटाऊन' (१९७४) पाहा, कारण त्यातला गुन्हा अगदी तुमच्या जातीचा आहे: जमीन आणि पाणी. लॉस एंजेलिसजवळच्या खोऱ्यातलं पाणी तोडून तिथल्या जमिनी मातीमोल करायच्या आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावांवर त्या घेऊन ठेवायच्या, हा धनाढ्य नोआ क्रॉसचा डाव. गुप्तहेर गिट्सला तो कळतो तो तारखांवरून. एक माणूस दोन आठवड्यांपूर्वी वारला, आणि जमीन त्याने घेतलीय एका आठवड्यापूर्वी! तुमच्या गोष्टीतलं आईचं मुखत्यारपत्र हेच आहे. शेवटाकडे लक्ष द्या. गिट्सने सगळं शोधलेलं असतं, एकही धागा सुटलेला नसतो. तरीही क्रॉसची मुलगी एव्हलिन गाडीत पोलिसाच्या गोळीने मरते, हॉर्न वाजत राहतो, आणि क्रॉस एव्हलिनच्या मुलीचे डोळे हाताने झाकून तिला घेऊन जातो. पटकथाकार रॉबर्ट टाऊनच्या मूळ लिखाणात एव्हलिन क्रॉसला मारते. दिग्दर्शक रोमान पोलान्स्कीने ते उलटवलं. इथे प्रेक्षक पार्ट टू मागत नाही, कारण कोडं पूर्ण सुटलंय आणि फक्त न्याय उरलाय. तुमच्या चित्रपटात कोडंही अर्धं आणि न्यायही अर्धा.

'जाने भी दो यारो' (१९८३) तुम्ही पाहिला असेलच, पण शेवटच्या दहा मिनिटांसाठी पुन्हा पाहा. पुरावा हातात असतो, आणि तोच पुरावा ज्यांच्या विरोधात आहे ती माणसं एकत्र येतात. पडलेल्या पुलाचं खापर दोन फोटोग्राफरांवर फुटतं. कैद्यांच्या कपड्यांत ते दोघे कॅमेऱ्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात. ही झाली खेळ संपल्याची खूण: गोष्ट पडद्यावरून उचलून थेट तुमच्या मांडीवर ठेवली.

'द बॅड स्लीप वेल' (१९६०) हा जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा चित्रपट मिळाला तर सोडू नका. त्यात भ्रष्ट अधिकारी सुटतो आणि शेवटी फोनवर वरच्या कुणाशी तरी अदबीने बोलतो. पलीकडचा माणूस कधीच दिसत नाही. साधा फोन, पण त्याने गुन्ह्याची उंची एकदम वाढते. तुमच्या दलालाच्या मागे कोण आहे, हे असं एका फोनवर भागतं. पुढारी, पांढरी गाडी, अंगरक्षक असला पसारा काही लागत नाही.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) एका खास कारणासाठी. तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल की शेवटी दलालाच्या गाडीला घाटात अपघात दाखवा, देवाने शिक्षा केली असं होईल. त्या चित्रपटात खुनी शिगुरच्या गाडीला खरोखरच शेवटी अपघात होतो, हाड बाहेर येतं. तो एका मुलाकडून शर्ट घेतो, झोळी करून हात गळ्यात अडकवतो आणि चालू लागतो. अपघात होतो, शिक्षा होत नाही. याच्या उलट 'द बॅड सीड' (१९५६). मूळ गोष्टीत खुनी मुलगी जिवंत राहते, पण तेव्हा हॉलिवूडची नियमावली गुन्हेगाराला मोकळं सोडू देत नसे. म्हणून चित्रपटात तिच्यावर वीज पाडली! ती वीज आज कुणालाच पटत नाही. घाटातला अपघात म्हणजे तीच वीज.

'प्रायमल फिअर' (१९९६) आणि 'द युज्वल सस्पेक्ट्स' (१९९५) लोक हमखास सांगतील. पाहा, पण नक्कल करू नका. पहिल्यात, ज्या वेळचं काहीच आठवत नाही असं आरोपी म्हणतो, त्या वेळी सरकारी वकील बाईंच्या मानेला झालेल्या दुखापतीची तो नंतर सहज चौकशी करतो, आणि त्याच्या वकिलाला कळतं की आपण फसलो. दुसऱ्यात पोलिसांनी सोडलेल्या लंगड्या माणसाचा पाय चालता चालता सरळ होतो, आणि खरा खलनायक तोच हे कळतं. दोन्ही शेवट उत्तम आहेत, पण ते हातचलाखीचे आहेत. प्रेक्षक मनातल्या मनात खलनायकाला टाळी देतो. तुमच्या दलालाला टाळी मिळाली तर बागेचं दुःख वाहून गेलं.

आता तुमच्या पटकथेकडे. कोकणातला प्रेक्षक सातबारा दिग्दर्शकापेक्षा चांगला वाचतो, म्हणून कागद पक्के हवेत. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की तो अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. म्हणजे आईच्या मृत्यूनंतरचं खरेदीखत मुळातच खोटं. फेरफार नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. "हरकत का नाही घेतली?" हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणारच. उत्तर सोपं आहे: नोटीस गेली मुंबईतल्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर, आणि ती चाळ पाडलेली आहे. पाकिटाचा एक शॉट पुरे.

पण एवढ्याने भागत नाही. नोंद मंजूर झाली तरी सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, दिवाणी कोर्टात दाद मागता येते. हे जाणणारे पाच जण तरी मांडवात बसलेले असतील. त्यामुळे कायद्याच्या फटीतून दलालाला सोडवू नका, ती फट भरली जाते. त्याला नात्यातून सोडवा. थोरल्या भावाने दलालाकडून आधीच पैसे घेतलेत असं करा. मग धाकट्याने तक्रार केली तर पहिलं नाव भावाचं येतं. दलालाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, म्हणून तो निर्धास्त. ही कडी घातलीत की धाकट्याचं गप्प बसणं दुबळेपणा वाटत नाही, त्याचा निर्णय वाटतो, आणि दलाल नेमका कुठल्या दाराने सुटला ते लहान पोरालाही कळतं.

वेळेची वाटणी अशी करा. बाग विकली गेलीय हे सहाव्या मिनिटापर्यंत कळू दे. जेसीबी आलाय, गडगा फुटलाय, पहिलं कलम आडवं झालंय. तुमच्या प्रतीत हे अकराव्या मिनिटाला येतं म्हणता, तो फार उशीर झाला. नवव्या मिनिटाच्या आसपास थोरल्याचे पैसे पेरा, पण ओझरते: नवं फर्निचर, हप्ता फिटल्याचा फोन. चौदाव्या मिनिटाला पुरावा पूर्ण होऊ दे. सतराव्याला धाकट्याला भावाचं कळू दे. उरलेल्या पाचांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत जवळजवळ संवाद नकोत.

पुरावा म्हणजे दोन कागद: मृत्यूचा दाखला आणि खरेदीखताची प्रत. दोन्ही एकाच चौकटीत, शेजारी शेजारी, चुलीजवळच्या पाटावर. ३ जून आणि १९ जून. बोट ठेवून दाखवू नका, फक्त तारखांवर प्रकाश पडू दे. असा शॉट कमीत कमी चार सेकंद ठेवा; मोठ्याने दोनदा वाचून होतो तेवढा वेळ, हा हिशेब पक्का. कागद वाचणारं माणूस धाकट्याची बारा-तेरा वर्षांची मुलगी असावी. ती तुमची साक्षीदार. खलनायक सुटतो तेव्हा खरं काय ते माहीत असलेलं कुणीतरी चौकटीत उरावं लागतं. 'सिंहासन' (१९७९) आठवा, सगळं पाहिलेला दिगू पत्रकार वेडा होतो. मुलीला वेडं करायची गरज नाही, तिने फक्त पाहत राहावं.

एखादा लहान मासा पकडू द्यायलाही हरकत नाही. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये (१९९१) बफेलो बिल हा खुनी मारला जातो आणि दुसरा खुनी, लेक्टर, निसटतो. एक हिशेब मिटल्यामुळे दुसरा उघडा राहिलेला चालतो. तुमच्याकडे खोटा साक्षीदार म्हणून सही करणारा पोरगा अडकू दे. जाळ्यात बांगडा सापडतो, मोरी, म्हणजे शार्क, जाळं फाडून जाते.

शेवट असा करून पाहा. गणपतीचे दिवस, धाकट्याचं घर, गणपतीच्या वर माटवी, म्हणजे रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट, तिला कवंडाळं लटकलेली. आरती चालू आहे आणि सगळ्यांत पुढे टाळ घेऊन दलाल. आरती संपते, मुलगी ताट फिरवते. त्याच्यासमोर ती एक क्षण थांबते. तो ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतो. मग तिच्या बापाकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारतो, "उद्या आरतीक येतलास मां आमच्याकडे?" बाप म्हणतो, "येतंय." मुलगी बापाकडे पाहते. तिच्या चेहऱ्यावर पंधरा ते वीस सेकंद थांबा, बाहेर पुढच्या घरी निघालेल्या भजनी मंडळींचा आवाज दूर जाऊ दे. पार्श्वसंगीत अजिबात घालू नका.

हा शॉट बिघडतो तो तीन ठिकाणी. मखरातल्या एलईडी माळा कॅमेऱ्यात लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, तरी लुकलुकली तर ती माळ बदला, सेटिंगशी झगडत बसू नका. मोबाइलवर घेत असाल तर एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक करा, नाहीतर ज्योत समोरून गेली की अख्खी खोली काळी पडते आणि परत उजळते. तिसरा आवाज: टाळ-झांजांनी माइक फाटतो. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा, आरती वेगळी रेकॉर्ड करा आणि दलालाचं ते एक वाक्य टाळ खाली ठेवल्यावर वेगळं घ्या. त्या खोलीचा नुसता आवाजही मिनिटभर भरून ठेवा, म्हणजे पावसाची रिपरिप जोडकामात तुटत नाही.

दलालाचं काम करणाऱ्याला एकच सांगा, हसायचं नाही. हसला की तो नाटकातला खलनायक झाला. त्या वाक्यात त्याने खरंच आमंत्रण द्यावं, उद्या आपल्या घरी उसळ किती करायची याचा अंदाज घेत असल्यासारखं.