हिवाळ्यात सायबेरियातून रेल्वेने जाताना मधल्या स्टेशनांवर खाली उतरता येतं का, की डब्यातच बसून राहावं लागतं?

उतरता येतं, आणि उतराच. खरा प्रश्न कपड्यांचा असतो.

मॉस्को ते व्लादिवोस्तोक 9288 किलोमीटर. सलग गेलात तर जवळजवळ सात दिवस. बऱ्याच स्टेशनांवर गाडी दोन-पाच मिनिटंच थांबते, पण काही ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, कुठे अर्धा तासही. डब्यात वेळापत्रक लावलेलं असतं, त्यात प्रत्येक थांब्याची मिनिटं दिलेली असतात. तेवढ्यासाठी तरी रशियन अक्षरं शिकून जा.

मी जानेवारी 2017 मध्ये मॉस्कोहून इर्कुत्स्कला गेलो, ‘प्लात्स्कार्त’मधून. हा सगळ्यात स्वस्त झोपायचा डबा: 54 बर्थ, दारं कुठेच नाहीत, त्यामुळे कोण घोरतंय ते सगळ्यांना कळतं. आत इतकं गरम की अख्खा डबा हाफ पँट आणि सपातांत. बाहेर त्या दिवशी उणे 28.

ओम्स्क सोडलं की नोव्होसिबिर्स्कच्या आधी बाराबिन्स्क लागतं. गाव लहान, पण थांबा मोठा, आणि मासळीसाठी प्रसिद्ध. जवळच चानी नावाचं मोठं सरोवर आहे. तिथल्या भागातली सुकवलेली, धुरी दिलेली मासळी घेऊन बायका गाडीपाशी येतात. मी रत्नागिरीचा. मासळी म्हटल्यावर बसून कसा राहणार?

गाडी थांबायच्या कितीतरी आधी मी कपडे चढवायला लागलो. थर्मल, शर्ट, स्वेटर, दुसरा स्वेटर, जाकीट, कानटोपी, दोन मोजे, बूट, हातमोजे. बूट घालायला वाकता येईना, कारण स्वेटर आधी घातले होते. घामाने निथळत होतो आणि स्टेशन जवळ आलं म्हणून संडासाला कुलूप लागलेलं. (जुन्या डब्यांत हा नियम पक्का, लक्षात ठेवा.) समोरच्या बर्थवरचे आजोबा हे सगळं चहा पीत बघत होते. गाडी थांबली तसे ते उठले आणि बनियन, हाफ पँट, रबरी सपाता अशा अवतारात माझ्या पुढून उतरून गेले.

स्टेशनच्या घड्याळात सकाळचे सात आणि ऊन लख्ख. तेव्हा रशियन रेल्वेची घड्याळं देशभर मॉस्कोची वेळ दाखवायची. तिथे खरे अकरा वाजले होते. 2018 पासून स्थानिक वेळ लावतात, त्यामुळे ही गंमत तुमच्या नशिबी नाही. पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडक झाले. डबा सांभाळणारी प्रोवोद्नित्सा लोखंडी पहारीने डब्याखालचा बर्फ फोडत होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पुन्हा फोडायला लागली.

मासळीवाल्या आजीबाईंना भाव विचारला. त्यांनी हात वर केला. हातात जाड लोकरी मोजा, ज्यात अंगठा तेवढा वेगळा असतो. आता यातून किती बोटं मोजायची? मी फोन काढला, म्हटलं कॅल्क्युलेटरवर लिहा. फोन थंडीने जागच्या जागी मेला. मग आजीबाईंनी एक मासा शेपटीकडून धरला आणि त्याच्या तोंडाने बर्फात लिहिलं: 300. मी बुटाने ते पुसून 200 लिहिलं. त्यांनी आपल्या नमद्याच्या बुटाने माझे 200 पुसले आणि पुन्हा 300 लिहिलं, या वेळी जरा मोठ्या अक्षरात. आजूबाजूच्या बायका येऊन बघायला लागल्या. मी 250 लिहिलं. आजीबाई हसल्या, जुडी माझ्या हातात दिली. पैसे काढायला हातमोजा काढला तर नोटा मोजेपर्यंत बोटं माझी राहिली नव्हती.

तेवढ्यात प्रोवोद्नित्सा ओरडली. तिथे भोंगा वाजेल, गाडी हळूहळू सुटेल आणि आपण पळत चढू असला प्रकार नाही; ती दार लावते, विषय संपला. मी चढलो आणि गरम हवेत चष्मा पांढराफेक झाला. चाचपडत आपल्या बर्थवर जाऊन टेकलो तर खालून एक बाई किंचाळल्या.

मासळी मात्र झकास होती. चिवट, खारट, आमच्या सुक्या बोंबलाची सायबेरियातली चुलत बहीण. डब्यात वास सुटला म्हणून कोणी नाक मुरडलं नाही; उलट चार जण आपापला काळा पाव घेऊन आले. मी बाकरवडी काढली, तीही संपली.

आजोबांनीही तस्सीच जुडी आणली होती. कितीला, असं मी खुणेने विचारलं. त्यांनी दीडशेची पावती असावी अशा थाटात एक बोट दाखवलं, मग पाच, मग मूठ. हातमोजे नव्हते ना त्यांच्याकडे, घासाघीस झटपट झाली असणार.