आधी कादंबरी, मग खटला

बंदी आलेल्या कादंबऱ्यांची लांबलचक यादी करून वाचायला बसू नका. दहाव्या पुस्तकापर्यंत कंटाळा येतो, कारण त्यातली बरीच मुळात सुमार असतात. बंदी आली म्हणजे पुस्तक थोर, हा समज आधी सोडा.

एकच कादंबरी घ्या, ती पूर्ण वाचा आणि मगच तिच्या खटल्याकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर आक्षेपार्ह पानंच शोधत राहाल. सरकारी वकीलही तेच करतात!

सुरुवातीला डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही इंग्रजी कादंबरी घ्या. इंग्लंडमध्ये मजकूर अश्लील आहे का हे ठरवण्यासाठी 1868 पासून हिकलिन कसोटी चालत आली होती: ज्यांचं मन सहज बिघडू शकतं, अशांवर मजकुराचा काय परिणाम होईल, एवढंच बघायचं. सुटा उतारासुद्धा पुस्तक बुडवायला पुरे होई. 1959च्या कायद्याने कलाकृती समग्र बघायला लावली, वाङ्मयीन मूल्याचा बचाव दिला आणि तज्ज्ञांच्या साक्षीला वाव दिला. 1960 साली ज्यूरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं. ही कादंबरी आपल्या बायकोने किंवा नोकराने वाचलेली चालेल का, असं सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं होतं. सगळी भीती त्या प्रश्नात दिसते: कोण वाचणार याची.

भारतात मात्र 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच जुनी कसोटी लावून याच कादंबरीच्या विक्रेत्याची शिक्षा कायम ठेवली. इंग्लंडमधल्या खटल्याचं कामकाज आणि भारतातला निकाल शेजारी ठेवून वाचा. भाषा किचकट आहे, पण सारांशावर भागवू नका.