कमी नंबरचा चष्मा देऊन नंबर थांबत नाही

ताई, दहा वर्षांच्या लेकीचा नंबर वर्षभरात -१.२५ वरून -२.२५ झाला. आता "डोळ्यांना सवय लागू नये" म्हणून कमी नंबरचा चष्मा द्यावा का, असं विचारलंय. देऊ नका. मलेशियातल्या एका अभ्यासात (२००२) मुलांना मुद्दाम कमी नंबर दिला, तर त्यांचा नंबर उलट जास्त वाढला. पुढच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, पण फळा धूसर दिसण्याचा तोटा तर ठरलेलाच.

वाढत्या वयात डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो आणि प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिना) अलीकडेच पडते. १ मिमी लांबी वाढली की साधारण अडीच-तीन नंबर. लांबलेला डोळा आखूड होत नाही, त्यामुळे गाजर, त्राटक, व्यायाम यांनी नंबर उतरवून देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

"अठराव्या वर्षी थांबतो" हेही अर्धसत्य. अमेरिकेतल्या कॉमेट अभ्यासात जवळपास निम्म्या मुलांचा नंबर १५ पर्यंत स्थिरावला, १८ पर्यंत साधारण तीन चतुर्थांश मुलांचा. बाकीच्यांचा त्यानंतरही वाढत राहिला. चष्मा जितक्या लहान वयात लागतो, तितका शेवटचा नंबर मोठा होण्याची शक्यता जास्त. म्हणून "पुढे लेसर करू" यावर विसंबू नका. लेसरने चष्मा जातो, डोळा लांबच राहतो आणि पडदा सुटण्याचा धोकाही.

मग करायचं काय? आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी; त्याशिवाय मुलांचा मायनस नंबर फुगून येऊ शकतो. डोळ्याची लांबी मोजून मागा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्षाला एक नंबर ही वाढ जास्तच आहे, तेव्हा कमी तीव्रतेच्या ॲट्रोपिनच्या थेंबांबद्दल (नंबराची वाढ मंदावणारं औषध) आणि नंबराची वाढ रोखणाऱ्या खास काचांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्के ॲट्रोपिनचा गुण ०.०१ पेक्षा चांगला दिसला. हे थेंब मनाने बंद करू नका, वाढ पुन्हा उसळू शकते.

धाकटा भाऊ असेल तर त्याला मात्र आत्ताच मैदानावर पिटाळा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला, इतरांत ३९.५ टक्क्यांना. एकदा चष्मा लागल्यावर उन्हाचा उपयोग कमी होतो. आणि सगळं खापर मोबाइलवर नको, नाकाला लावून वाचलेलं पुस्तकही त्यातच आलं.

एक वेगळी गोष्ट: ती डोळे सारखे चोळत असेल आणि सिलिंडरचा नंबर वाढत असेल, तर कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, करून घ्या. त्यात केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे येणं) निघू शकतो; तो आजार निराळा, त्याला थांबून चालत नाही.